औषध कंपनीवरचा सामूहिक दावा: प्रमुख वादी की साधा सदस्य?

अमेरिकेत औषध कंपनीवर भागधारकांचा दावा उभा राहिला, की त्याच्या जाहीर नोटिशीपासून 60 दिवसांत प्रमुख वादी, म्हणजे सर्वांच्या वतीने दावा चालवणारा, होण्यासाठी अर्ज करता येतो. साध्या सदस्याला, म्हणजे दाव्यात मोडणाऱ्या बाकीच्या भागधारकाला, ही घाई नाही. पैसे मागण्याचा त्याचा दावा-अर्ज तडजोडीनंतर भरायचा असतो. पण वाट लांब असते: मर्क कंपनीने व्हायॉक्स हे वेदनाशामक औषध 2004 मध्ये मागे घेतलं, भागधारकांशी तडजोड 2016 मध्ये झाली.

पैशांत फारसा फरक नाही. वकिलांची फी सहसा वसुलीतूनच जाते आणि प्रमुख वादीला जादा वाटा मिळत नाही, फक्त वाजवी खर्च. कष्ट मात्र त्याचेच: वकील निवडणं, कागदपत्रं पुरवणं, जबानी. शिवाय 1995 च्या कायद्यानुसार सर्वांत मोठं नुकसान झालेल्याला पसंती, म्हणजे बहुधा पेन्शन फंडाला.

सदस्याची खरी चूक एकच: दावा-अर्जच न भरणं. मग पैसे मिळत नाहीत, वेगळा दावा करण्याचा हक्कही जातो. ब्रोकर बदलण्याआधी व्यवहारांच्या तारखा, संख्या, भाव दाखवणारे कागद उतरवून ठेवा.

आणि हे महत्त्वाचं: डॉ. रेड्डीजसारख्या प्रकरणात न्यूयॉर्कमधले एडीआर (तिथल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या, परदेशी शेअरच्या पावत्या) घेणारेच पात्र, मुंबईत शेअर घेतलेले नाहीत.

नुकसान प्रचंड आणि वेळ हाताशी असेल तर प्रमुख वादी व्हा. बाकी साऱ्यांना सदस्यत्वच सोयीचं.