निवृत्तीनंतर घरी शिडाची होडी: प्लाय की सागवानी फळ्या?

होडी वर्षातले बहुतेक दिवस कुठे पडून राहणार, हे आधी ठरवा. बंगल्याच्या पार्किंगमध्ये ट्रेलरवर राहणार असेल तर मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, घ्या. खाडीत सतत पाण्यात राहणार असेल तरच फळ्यांचा विचार करा. लोक उलट करतात, आधी सागवानाच्या प्रेमात पडतात.

फळ्यांची होडी पाण्यात असते तोवर लाकूड फुगून सांधे आवळलेले राहतात. कोरड्यात ठेवली की फळ्या आक्रसतात, फटी पडतात आणि पुन्हा कापूस ठासणं आलं. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतोच. शिवाय प्रत्येक फळीचा आकार वेगळा, कडेचा उतार वेगळा. कोकणातला सुतार हे नजरेने करतो, कारण त्याचं बालपण त्यात गेलेलं असतं. साठीनंतर एकट्याने शिकायला हे फार आहे. मात्र रंधा मारण्यातच तुमचं सुख असेल आणि होडी कितीही उशिरा तरंगली तरी चालणार असेल, तर खुशाल फळ्या घ्या.

प्लायची रीत वेगळी. आराखड्याप्रमाणे तुकडे कापायचे, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाके घालायचे, मग आतून सांध्यात घट्ट कालवलेलं इपॉक्सी (दोन द्रव मिसळल्यावर कडक होणारा राळेसारखा गोंद) भरून वर फायबरग्लासची पट्टी. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘मिरर’ ही सुमारे अकरा फुटी होडी याच टाके घालायच्या रीतीने घराघरांत बांधली गेली. शीड-डोलकाठी सोडून ती साधारण ४५ किलोची, दोघांनी उचलण्याजोगी. प्लायचा ताव आठ फुटी येतो, त्यामुळे लांब बाजूंसाठी दोन ताव जोडावे लागतात. जोडायच्या कडा तिरक्या तासा आणि त्या उताराची लांबी जाडीच्या आठपट ठेवा: सहा मिलिमीटरला ४८ मिलिमीटर.

दुकानात ‘मरीन’ म्हणून काहीही खपवतात. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघा आणि तुकडा घरी आणून चांगला उकळा. थर सुटले तर तो प्लाय ओट्याखाली वापरा.

एका बाबतीत मात्र फळ्या जिंकतात: इपॉक्सी त्रासदायक आहे. मे महिन्यात डबाभर कालवलं तर ते आपल्याच उष्णतेने धुमसू लागतं. उथळ ताटलीत थोडं थोडं घ्या. दमट हवेत सुकताना वर चिकट साय येते, ती पाण्याने धुऊनच पुढचा हात द्या. त्वचेला एकदा ॲलर्जी झाली की सहसा कायमची राहते, म्हणून हातमोजे हवेतच. उन्हात इपॉक्सी खराब होतं, तेव्हा वरून रंग हवा.

इपॉक्सी म्हणजे खरी लाकडी होडी नव्हे, असं नाक मुरडणारे भेटतील. त्यांना सांगा, भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले, ती गोव्यातल्या दिवाडीला बांधलेली नौकाही लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवलेली होती.

शीड, डोलकाठी, सुकाणू यांचा खर्च दोन्हींकडे जवळपास सारखा. शीड बहुधा बाहेरून शिवून घ्यावं लागतं. काम दिवाळीनंतर काढा, हवा कोरडी असते. ज्या धरणात होडी सोडायची, तिथली परवानगी मात्र पहिला ताव कापण्याआधी विचारून या. आणि दाराची रुंदीही मोजा.