वेल्समधली टॅलिलिन रेल्वे, जाच एकदा

वाफेच्या इंजिनाचं वेड असेल तर वेल्समधल्या टाउइन गावची ही गाडी चुकवूच नका. पाटीच्या दगडाची वाहतूक करायला बांधलेली लाईन, रुळांमधलं अंतर फक्त सव्वादोन फूट, आणि 1950 ला मालक वारले तेव्हा बंदच पडणार होती, पण रेल्वेवेड्या लोकांनी सोसायटी काढून 1951 पासून स्वतः चालवायला घेतली, जगात असं पहिल्यांदाच झालं. तेव्हा धड चालणारं इंजिन एकच, 1866 चं डॉलगॉख, त्याच्याच जिवावर तो सीझन निघाला. आजही ते आहे आणि कामाचा मोठा भार व्हॉलंटियर लोकांवरच, हे मला फार म्हणजे फारच भारी वाटतं!

डब्यांना दारं एकाच बाजूला आहेत बरं का, पुलाखाली जागाच इतकी कमी की दुसऱ्या बाजूनं उतरणं धोक्याचं. डॉलगॉख स्टेशनला इंजिन पाणी भरतं ते खाली उतरून जवळून बघा, धबधबाही तिथून चालत जाण्यासारखा. सीट जरा अरुंद आहेत, गुडघे आखडतात. म्युझियम टाउइन स्टेशनातच आहे, त्यालाही वेळ ठेवा. थंडीत गाड्या कमी असतात, टाईमटेबल बघूनच निघा.