दडपे पोहे की भेळ? पोरांच्या हातात काय द्यायचं

सुट्टीत पोरं "आज आम्ही करतो" म्हणत किचनमध्ये घुसली की माझ्याकडे दोनच ऑप्शन, कारण गॅसला हात लावायचा नाही हा आमच्याकडे नियम. भेळ पाच मिनिटांत होते, कुरमुरे फरसाण कांदा टोमॅटो चटणी, कालवलं की झालं. पण लगेच खावी लागते नाहीतर कुरमुरे मऊ पडतात, आणि खरं सांगू का, चटण्या आपणच आधी करून ठेवलेल्या असतात, मग पोरांनी केलं काय?

दडप्या पोह्यांत खरी मजा आहे. 2 वाट्या पातळ पोहे, अर्धी वाटी ओलं खोबरं, बारीक कांदा, लिंबू, मीठ, साखर, सगळं हातानेच कालवायचं, नारळाचं पाणी शिंपडायचं आणि ताटली झाकून वर वजन ठेवून 15-20 मिनिटं दडपून ठेवायचं. माझी लेक दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघते. पहिल्यांदा तर तिने जाडे पोहे घेतले, दाताखाली कचकच नुसती! कांद्याला दोरीवाला चॉपर आहे म्हणून सुरीचं टेन्शन नाही, फोडणी मात्र मीच घालते, ती लांब उभी राहून शिंकते.

भुकेने कल्ला चालू असेल तर भेळ, नाहीतर मी दडप्यांच्याच बाजूने.