शाळा बंद, पोषण आहार घरी: कोरडा शिधा की खात्यात पैसे?

कोविडकाळात शाळेत खिचडी शिजणं थांबलं. तेव्हा केंद्राने मार्च 2020 मध्ये राज्यांना मोकळीक दिली: गरम जेवण द्या, नाहीतर धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाएवढा अन्नसुरक्षा भत्ता द्या. महाराष्ट्रात तांदूळ आणि कडधान्यं वाटली गेली. 2021 च्या उन्हाळी सुट्टीसाठी मात्र पैसे खात्यात टाकायचं ठरलं.

शिध्याचा हिशेब सरळ आहे. पहिली ते पाचवीला रोज 100 ग्रॅम धान्य आणि 20 ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला 150 आणि 30. म्हणजे 25 दिवसांचे लहान मुलाला अडीच किलो तांदूळ आणि अर्धा किलो डाळ. चूक होते ती मापात. डब्याने मोजलं की डाळ कमी-जास्त जाते. वजनकाटाच हवा, आणि पोतं फोडण्याआधी ओल, किडे बघायलाच हवेत. शिवाय घरी आलेला तांदूळ सगळ्या घराचा होतो, एकट्या मुलाचा राहत नाही.

खात्यात पैसे आले की रांग नाही, गर्दी नाही. पण त्या सुट्टीची रक्कम होती प्राथमिकला 156 रुपये, उच्च प्राथमिकला 234. एवढ्यासाठी मुलाचं आधार जोडलेलं खातं उघडायचं, पालकाची मजुरी बुडवून! त्यात बँकांच्या विलीनीकरणाने आयएफएससी कोड बदललेले. जुना कोड भरला की पैसे परत.

खातं आधीपासून चालू असेल तर पैसे ठीक. नसेल तर शिधाच द्यावा, तोही तोलून.