थिंकपॅड एक्स२२०: अजून रोजच्या कामात

लेनोवोचा हा साडेबारा इंची लॅपटॉप २०११ सालचा. मी जुन्या बाजारातून साडेसात हजारांना घेतला, तो फक्त कीबोर्डसाठी. सात ओळींचा! एक्स मालिकेत तो नंतर बंदच झाला. बटणं खोल दाबली जातात, बोटाला नेमकं कळतं. दिवसभर भाषांतर टंकते, पण मनगट दुखत नाही. कीबोर्डच्या मधली, कर्सर हलवायची लाल टिकली आठवडाभर जड जाते, मग टचपॅड नकोसं होतं.

रात्री घरचे झोपले की फंक्शन आणि पेज-अप दाबायचं. पडद्याच्या वरच्या कडेतला छोटा दिवा लागतो, शेजारचा छापील कागदही वाचता येतो. नव्या मशीनमध्ये हे का देत नाहीत, खरंच कळत नाही.

एक स्क्रू काढून एसएसडी (वेगवान डिस्क) बसवली, रॅम ८ जीबी केली, विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम घातली. लेखन, मेल, पीडीएफ झकास. व्हिडिओ एडिटिंगसाठी मात्र घेऊ नका. १३६६ बाय ७६८चा पडदा दोन फायली शेजारी ठेवायला अपुरा पडतो. घेताना आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग नीट दिसणारा) पडदावालाच शोधा, फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. बॅटरी नवी घ्यावी लागेल, तेवढे पैसे बाजूला ठेवा.