पुन्हा ओले होऊ लागलेले अंथरूण: वाट पाहावी, अलार्म लावावा की गोळी द्यावी?

गेल्या जुलैत, गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात, वॉशिंग मशीनच्या मागे नीट घडी घातलेली ओली चादर सापडली. ती आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने लपवली होती. पाचव्या वर्षापासून कोरडी झोपणारी मुलगी आठवडाभर अंथरूण ओले करत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. नाशिकच्या पावसात गादी दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून एरवीही ते फार दिवस लपले नसते. पण लपवावेसे तिला वाटले, याचे मला अजून वाईट वाटते. त्यानंतर डॉक्टरांशी बोलून आणि बरेच वाचून जे पर्याय समोर आले, ते याच पेचात असलेल्या पालकांसाठी शेजारीशेजारी ठेवून पाहत आहे.

किमान सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर त्याचा विचार कधीच कोरडे न झालेल्या मुलापेक्षा वेगळा करावा लागतो, कारण येथे काहीतरी बदललेले असण्याची शक्यता अधिक असते. म्हणून ‘ओल लागताच वाजणारा अलार्म की रात्रीची लघवी कमी करणारी गोळी’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘आत्ताच का’ हा आहे. मूल सतत पाणी मागत असेल, वारंवार लघवीला जात असेल, वजन उतरत असेल किंवा मलूल दिसत असेल, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी. टाइप १ मधुमेह कधीकधी आधी अंथरुणातच दिसतो आणि त्यात चार दिवस थांबणेही धोक्याचे ठरू शकते. लघवी करताना जळजळ किंवा ताप असेल तर लघवीची तपासणी लागते. जोराने घोरणाऱ्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाच्या नाकामागच्या ग्रंथी वाढलेल्या असू शकतात आणि त्यावर उपचार झाल्यावर अंथरूणही कोरडे होऊ शकते. घरात बाळ आले, शाळा बदलली, आजी गेली, वर्गात कोणी त्रास देत आहे, हेही विचारावे, पण चौकशीच्या सुरात नव्हे. मूल एखाद्या व्यक्तीला किंवा व्हॅनमध्ये बसायला एकाएकी घाबरू लागले असेल, तर ते गांभीर्याने घ्यावे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक त्यासाठीच आहे.

आमच्या डॉक्टरांनी मात्र मुलीच्या पोटाच्या डाव्या बाजूला खाली बोटे दाबून विचारले, “शी रोज होते, पण पूर्ण होते का?” ती गप्प राहिली. शाळेतील स्वच्छतागृह घाण असते म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती, लघवी दाबून धरत होती, संध्याकाळी क्लासवरून आल्यावर एका दमात दोन पेले पाणी पीत होती आणि साठलेल्या शीचा दाब मूत्राशयावर पडून त्यातली जागा कमी होत होती. नाशिकमधल्या कितीतरी घरांत हाच दिनक्रम असेल, असे मला वाटते. यावरचा उपाय स्वस्त आहे: डॉक्टरांनी दिलेले शी मऊ करणारे औषध पुरेसे दिवस चालू ठेवणे, जेवणानंतर पायाखाली पाट घेऊन दहा मिनिटे बसवणे, दिवसभराच्या पाण्यापैकी बहुतेक पाणी सायंकाळी पाचच्या आत पाजणे, रात्रीचे दूध संध्याकाळी देणे आणि झोपण्यापूर्वी शू करायला लावणे. पाणी तोडायचे नाही, फक्त त्याची वेळ अलीकडे आणायची. याला काही आठवडे द्यावेत आणि तेवढ्या काळात गादीवर मेणकापड घालावे.

रात्री दोन वाजता मुलाला उठवून शू करवून आणणे हा घरोघरचा उपाय आहे. त्याने गादी वाचते, पण झोपेतल्या मुलाला भरलेल्या मूत्राशयाची जाणीव त्यातून शिकता येत नाही. काळ्या तिळांचा लाडू आवडीने खाऊ द्यावा, मात्र त्याच्या भरवशावर तपासणी लांबवू नये. मारणे, रागावणे, भावंडांसमोर बोलणे यांना मी पर्याय म्हणून मोजतच नाही.

एवढे करूनही रात्री ओल्या राहिल्या, तर अलार्म आणि गोळी यांत निवड करावी लागते. त्याआधी दोन दिवस लघवी मोजावी, असे मी आग्रहाने सांगेन. वयात एक मिळवून तीसने गुणले की मूत्राशयात साधारण किती मिलिलिटर मावावे हे कळते. नऊ वर्षांच्या मुलासाठी ते ३०० येते. सुट्टीच्या दिवशी मापाच्या भांड्यात शू करायला लावली आणि दिवसातली सर्वांत मोठी शू २०० मिलिलिटरच्या आतच राहिली, तर मूत्राशय लवकर भरते, असा त्याचा अर्थ निघतो आणि मग अलार्मकडे कल ठेवावा. उलट रात्री घातलेल्या डायपरचे सकाळी वाढलेले वजन, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरून, आणि सकाळची पहिली शू मिळून ३९०च्या वर जात असेल, तर रात्री लघवी जास्त तयार होते आणि तेथे गोळी अधिक उपयोगी पडते.

अलार्मचा संवेदक चड्डीला लावतात. ओल लागताच घंटी वाजते. पहिले काही आठवडे मूल बहुधा उठत नाही, आई-बाबाच उठतात आणि त्याला हलवून उठवून शौचालयात नेतात. दोन-तीन महिने लागतात, सलग चौदा कोरड्या रात्री झाल्या की थांबवतात. सुमारे दोन-तृतीयांश मुलांना गुण येतो आणि तो गोळीपेक्षा अधिक टिकतो. मात्र सिडकोतल्या एका खोलीत आजी-आजोबा आणि धाकटे भावंड यांच्यासोबत झोपणाऱ्या घराला ती घंटी सोसत नाही. तेथे थरथरणारा अलार्म पाहावा किंवा गोळीचा विचार करावा.

डेस्मोप्रेसिनची गोळी रात्रीची लघवी कमी करते आणि एक-दोन आठवड्यांत परिणाम दाखवते, पण ती थांबवल्यावर बऱ्याच मुलांचे अंथरूण पुन्हा ओले होते. गोळीच्या एक तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत पाणी अगदी घोटभरच द्यायचे. तसे न केल्यास रक्तातील सोडियम घसरून डोकेदुखी, उलट्या, झटके येऊ शकतात. जुलाब, उलट्या किंवा ताप असेल त्या दिवशी ती देऊ नये. सहलीसाठी, लग्नघरी मुक्कामासाठी ती फार मोलाची आहे, फक्त आधी घरी देऊन पाहावी.

माझा कौल असा: कारण शोधून बद्धकोष्ठ हटवल्यानंतर, घरी रात्री उठणारे कोणी असेल आणि मुलाची तयारी असेल, तर अलार्म. आईवडील आधीच थकून चिडलेले असतील, तर गोळी, कारण चिडलेल्या हातांनी झोपेतून उठवलेले मूल अलार्मलाच घाबरू लागते. आमच्याकडे पोट साफ होऊ लागल्यावर पाच ओल्या रात्रींवरून आठवड्याला एकच उरली. त्या एकीसाठी अलार्म आम्ही दिवाळीच्या सुट्टीत सुरू केला. पहाटे सहाला उठून शाळेची व्हॅन गाठायची नसते, तेव्हा दोनदा झोपमोड झाली तरी कोणी कोणावर ओरडत नाही. चार आठवड्यांत ओला डाग लहान होणे, शू उशिरा होणे, मूल स्वतः उठणे यांपैकी काहीच दिसले नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे आणि लघवीच्या मापांची वही सोबत न्यावी.