जुनी आर्केड मशिनं: एक मुळाबरहुकूम, एक मनासारखं (काही महिन्यांच्या वापरानंतर)

माझ्याकडे दोन आर्केड कॅबिनेट आहेत, म्हणजे नाणं टाकून उभ्याने खेळायची व्हिडिओ गेमची लाकडी मशिनं. एक मिडवे कंपनीचं १९८२ सालचं मिस पॅक-मॅन (चक्रव्यूहात ठिपके खात भुतांना चुकवायचा गेम), जमेल तितकं मुळाबरहुकूम दुरुस्त केलेलं. दुसरं नव्वदच्या दशकातलं, कोणत्याच एका गेमसाठी न बनवलेलं साधं कॅबिनेट. त्यात आता छोटा संगणक बसवलाय आणि यादीतून हवा तो गेम लावता येतो. दोन्ही शोभेला ठेवलेली नाहीत. रोज चालू होतात, आणि घरातले, येणारे-जाणारे सगळे त्यांच्यावर खेळून घेतात.

मूळ रूपात आणावं की हवं तसं बदलून घ्यावं, या वादात दोन्हीकडची माणसं कडवी असतात. इतके महिने वापरल्यावर मला वाटतं, वाद भलत्याच जागी चाललाय. हाताला लागतं आणि डोळ्याला दिसतं ते मूळचं हवं. पोटातलं काय वाटेल ते बदला. विकायला येणाऱ्या बहुतेक ‘रिस्टोअर’ केलेल्या मशिनांत याच्या नेमकं उलटं असतं. बाहेरून कोरं करकरीत चित्र, कडेला नवी पट्टी, चकचकीत रंग. आत एलसीडी पडदा आणि हातात भलतीच जॉयस्टिक. फोटोत हुबेहूब, खेळायला उभं राहिलं की परकं.

जॉयस्टिकपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त हेळसांड तिचीच होते. मिस पॅक-मॅन खेळायला बटण लागतच नाही, एकच दांडी, आणि ती चारच दिशांना जाते. तिच्या जागी आठ दिशांची दांडी लावली की वळताना ती तिरकी पडते, दोन स्विच एकदम लागतात आणि गेमला एकाच क्षणी ‘वर’ आणि ‘डावीकडे’ असं दोन्ही कळतं. वळण चुकतं, भूत खातं, आणि खेळणारा बिचारा स्वतःला दोष देतो. चार दिशांची दांडी असेल तर वळण येण्याच्या जरा आधीच ती ढकलून ठेवता येते आणि मिस पॅक-मॅनबाई कोपरा कापून पुढे निघतात. भुतांना ही सवलत नाही, त्यामुळे प्रत्येक वळणावर चिमूटभर अंतर वाढतं. वरच्या पातळ्यांवर सगळा डाव त्या चिमटीवर चालतो. ही गोष्ट चित्रं आणि रंग कितीही अस्सल असले तरी चुकीच्या दांडीवर मिळत नाही.

जुन्या दांडीत लीफ स्विच असतात, म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या. टकटक आवाज होत नाही, आणि दांडी किती हलल्यावर स्विच लागावा ते पट्टी किंचित वाकवून ठरवता येतं. मध्यंतरी डावी दिशा अधूनमधून लागेनाशी झाली. दोन पट्ट्यांच्या मध्ये जाड कागदाचा तुकडा धरला, पट्ट्या बोटाने दाबून तो दोन-चारदा ओढला, कागदावर काळी रेघ उमटली, काम झालं. पॉलिश पेपर मात्र लावू नये, टोकांवरचा मुलामा खरवडून जातो.

आता पडदा. दुसरं कॅबिनेट माझ्याकडे आलं तेव्हा विकणाऱ्याने त्यात एलसीडी बसवलेला होता, त्यामुळे तोच गेम दोन्हीकडे शेजारी-शेजारी लावून पाहता आला. मिस पॅक-मॅनचं चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचं, उभं. आडव्या १०८० ओळींच्या एलसीडीवर ते २८८ ठिपके पावणेचार पटीने ताणून बसवावे लागतात. पाऊणकीचा हिशेब ठिपक्यांना जमत नाही, म्हणून चक्रव्यूहाच्या भिंतीची एक रेघ जाड येते, शेजारची बारीक, नाहीतर सगळंच किंचित पुसट. शिवाय गेमचा मूळ सर्किट बोर्ड सेकंदाला साधारण ६०.६ चित्रं काढतो आणि साधा एलसीडी ६०. म्हणजे एकतर गेम जरासा मंद चालवायचा किंवा मध्येच एखादा हलका झटका सोसायचा. हे दोन्ही अंगवळणी पडतं. दांडी हलवल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर मात्र अंगवळणी पडत नाही, निदान मला तरी पडला नाही.

एक गंमत सांगतो. एलसीडीवर जुना पडदा भासवण्यासाठी काळ्या बारीक रेघांचे फिल्टर लावतात, आणि त्या रेघा सहसा आडव्या असतात. मिस पॅक-मॅनच्या कॅबिनेटमध्ये आडवी पिक्चर ट्यूब फिरवून उभी बसवलेली असते, तेव्हा खऱ्या रेघा खेळणाऱ्याला उभ्या दिसतात. म्हणजे जुनेपणाचा आव आणायला लावलेली गोष्टच मुळाशी फटकून. एकदा हे लक्षात आलं की डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही, माफ करा.

शेवटी दुसऱ्या कॅबिनेटमधलाही एलसीडी काढला आणि १५ किलोहर्ट्झवर चालणारा, म्हणजे सेकंदाला सुमारे पंधरा हजार ओळी काढणारा, जुना मॉनिटर बसवला. संगणकाच्या व्हिडिओ कार्डाला त्या चालीवर आणण्यात बराच वेळ गेला, पण स्ट्रीट फायटर टू (१९९१) खेळताना पहिल्याच दिवशी फरक कळला.

पोटातल्या बाबतीत मी बेधडक आहे. पॅक-मॅन घराण्याच्या बोर्डांना ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे सात व्होल्ट एसी थेट कडेच्या कनेक्टरमधून जातो आणि बोर्डावरच त्याचा डीसी होतो. इतका करंट जुनाट संपर्कांतून गेला की ते तापतात, मग आणखी खराब होतात, मग आणखी तापतात. या घराण्याचा हा जुनाच रोग. माझ्या बोर्डाच्या कडेची बोटंसुद्धा (कनेक्टरमध्ये जाणाऱ्या धातूच्या पट्ट्या) तपकिरी झाली होती. ती साफ करून नवा कनेक्टर लावला आणि लॉजिकसाठी पाच व्होल्टचा वेगळा स्विचिंग सप्लाय दिला. वरच्या नावाच्या पाटीमागची ट्यूबलाइट काढून एलईडी पट्टी लावली. चोकची घरघर गेली, पाटीला लागणारी उष्णता गेली. समोर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीही दिसत नाही. तरी एका संग्राहकाने ‘आता हे शुद्ध राहिलं नाही’ म्हणून नाक मुरडलं. असो.

शुद्धतेबद्दल बोलायचं तर मिस पॅक-मॅनच मुळात एक फेरफार आहे. जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशनच्या तरुण मंडळींनी पॅक-मॅनवर बसवायचं ‘क्रेझी ऑटो’ नावाचं किट बनवलं, मिडवेने ते घेतलं आणि त्यातून हा गेम आला. आजही मशीन उघडलं की पॅक-मॅनचाच बोर्ड दिसतो; त्याच्या झेड-८० प्रोसेसरच्या सॉकेटातून रिबन केबल निघून जोडबोर्डाला गेलेली असते. निन्टेन्डोनेही तेच केलं. अमेरिकेत न खपलेली ‘रडार स्कोप’ची मशिनं बदलून १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ म्हणून विकली, म्हणून सुरुवातीची काही डाँकी काँग लाल रंगाची सापडतात. तेव्हा मूळ म्हणजे कोणत्या दिवसाचं मूळ, हे ज्याचं त्याने ठरवावं लागतं.

मलाही ठरवावं लागलं. माझ्या मशीनमध्ये कुणा जुन्या मालकाने गेमचा वेग वाढवणारी चिप घातलेली होती. ऐंशीच्या दशकात हे सर्रास व्हायचं, डाव लवकर संपले की गल्ला लवकर भरतो. कित्येकांच्या आठवणीतलं मिस पॅक-मॅन म्हणजे हे वेगवालंच. मी मूळ वेगावर आलो, कारण मघाशी म्हटलेला कोपऱ्यांचा खेळ त्या वेगात जास्त रंगतो. काढलेली चिप पाकिटात घालून नाण्यांच्या दारामागे चिकटवून ठेवलीय. पुढच्या मालकाला हवी असेल तर आहे.

लाकूडकामाबद्दल थोडक्यात. खालच्या कडा ओल लागून फुगल्या होत्या. तेवढा भाग खरवडून, लांबी (पुटी) भरून, घासून नीट केला. बाजूचं चित्र मिडवेने स्टेन्सिलने रंग मारून काढलेलं. एका रंगावर दुसरा चढतो तिथे बोटाला बारीक उंचवटा लागतो. छापील स्टिकर सोपा आणि लांबून उठून दिसतो, पण तो लावायचा तर खालचा रंग घासून टाकावा लागतो. माझ्या मशीनवर तीन-चतुर्थांश रंग शाबूत होता. उडालेल्या जागा जुळत्या रंगाने भरल्या, बाकी ओरखडे तसेच ठेवले.

दुसऱ्या कॅबिनेटबद्दल मला कसलाच संकोच नाही. त्यात जामा पद्धतीची जोडणी आहे. १९८५ पासून रूढ झालेला हा ५६ संपर्कांचा कनेक्टर आलाच मुळी बोर्ड काढून दुसरा लावता यावा म्हणून. अशा मशीनमध्ये संगणक बसवणं म्हणजे त्याचाच धंदा पुढे चालवणं. मेम हा एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) १९९७ पासून आहे आणि जुन्या गेमच्या बाबतीत फार चोख काम करतो. अडचण येते ती दांड्या-बटणांच्या पॅनेलची. सगळ्या गेमसाठी एकच पॅनेल करायला गेलं की चार दिशांची दांडी, आठ दिशांची दांडी, सहा बटणं, टेम्पेस्ट या गेमसाठी फिरकी (गोल फिरवायची मूठ), सेंटिपीडसाठी ट्रॅकबॉल (तळहाताने फिरवायचा गोळा) असं करत विमानाचं कॉकपिट तयार होतं आणि धड एकही गेम खेळता येत नाही. मी दोन वेगळी पॅनेल केली, खिट्ट्या उघडून बदलता येणारी. एक सहा बटणांचं, एक ट्रॅकबॉलचं. फिरकीचे गेम यादीतून काढून टाकले. यादीही छाटत छाटत आणली, कारण शेकडो गेम असले की पाहुणे नुसते चाळत बसतात आणि मिनिटामिनिटाला गेम बदलतात. मिस पॅक-मॅनपुढे तीच माणसं तासभर हलत नाहीत.

बिघाडाचं म्हणाल तर, जुन्या मशीनचा इलेक्ट्रोहोम जी-०७ मॉनिटर एकदा थरथरू लागला. मागच्या बोर्डावर एका पिनेभोवती सोल्डरला केसासारखी गोल चीर होती. पुन्हा सोल्डर केल्यावर चित्र स्थिर झालं. कपॅसिटर आधीच बदलले होते. ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ राहतो, तेव्हा ज्याला डिस्चार्ज करता येत नाही त्याने मागचं झाकण उघडूच नये. नव्या मशीनचं दुखणं वेगळं. कुणीतरी थेट मेन स्विच बंद केला आणि मेमरी कार्डावरची सिस्टिम बिघडली. आता कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवलंय, हाय स्कोअर वेगळ्या पेन ड्राइव्हवर जातात. मिस पॅक-मॅनला हे नखरे नाहीत. स्विच मारला की पडद्यावर क्षणभर कचरा अक्षरं, मग चौकटींची जाळी, की गेम सुरू. बंद केल्यावर हाय स्कोअर पुसले जातात, ते जपणारी किट मिळतात. अजून बसवलेलं नाही, शेजारी वही टांगलीय.

नवीन घेणाऱ्याने एवढं पाहावं: मूळ पॅनेल, मूळ मॉनिटर आणि न कापलेलं लाकूड असेल तर बाकी सगळं मेलेलं असलं तरी चालेल. पॅनेलमध्ये जास्तीची भोकं पाडलेली असतील किंवा एलसीडी बसवायला आतल्या पट्ट्या कापल्या असतील, तर ते मशीन बदलण्यासाठीच घ्या आणि मनसोक्त बदला.

माझ्या ट्यूबवर पहिल्या चक्रव्यूहाचा डाग भाजून बसलाय. दुसरा चक्रव्यूह आला की त्याच्याखाली पहिल्याची सावली दिसते. लाल रंगही उतरत चाललाय. १९ इंची जुन्या टीव्हीची जुळणारी ट्यूब मिळाली तर बदलायची आहे, पण मानेच्या पिना आणि गळ्यातलं कॉइल दोन्ही जुळायला हवं. आत्तापर्यंत पाहिलेल्यांपैकी एकही जुळली नाही.